पाण्यात टाकलेलं

ऊन तापायला लागलं की ओढा आधी बारीक व्हायचा आणि मग त्याचा आवाज बंद व्हायचा. त्या वर्षी आवाज फारच लवकर बंद झाला. धुण्याच्या दगडांपाशी गुडघाभर असणारं पाणी घोट्यावर आलं आणि त्याला एक फिकट पिवळी झाक आली. ओंजळीत धरलं तर ती दिसायची नाही. पांढऱ्या चादरीवर मात्र लपायची नाही.

धोबिणीने ती घालवायला सगळं करून पाहिलं. भट्टीत सोडा वाढवला. धोपटणं खांदा भरून येईस्तोवर चालवलं. नीळ दुप्पट केली. दोरीवर चादरी दुरून शुभ्र दिसायच्या आणि घडी घालताना हातात पिवळ्या निघायच्या.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला कपडे देण्याघेण्याची खिडकी होती. तिथे मेट्रनने एक चादर उलगडली आणि उजेडाकडे धरली.

"हे काय आहे?"

"चादर."

"चादर मलाही दिसते. रंग कुठला?"

आत कंपाउंडर औषधाच्या बाटल्या लावत होता, तो थांबला आणि ऐकू लागला.

"ब्लीच किती ओततेस?"

"थेंब नाही. साबण, सोडा, भट्टी आणि ऊन. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच."

"मग पिवळं कशाने?"

"पाण्याने."

"पाण्याने कपडे स्वच्छ होतात, बाई. पिवळे होत नाहीत." मेट्रन म्हणाली. कंपाउंडर हसला. ती हसली नाही. तिची नजर खिडकीच्या फळीवर टेकलेल्या धोबिणीच्या हातांवर गेली. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे होते, मधोमध चिरलेले, कडेला कातडी सुटलेली. "आणि हे? हे असे हात घेऊन तू बाळंतिणींच्या चादरी धुतेस?"

धोबिणीने हात मागे घेतले. मग तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने ते पुन्हा फळीवर ठेवले, पालथे.

"बघा नीट. हे हात चादरींमुळे असे झालेले नाहीत. चादरी आणि हात, दोन्ही एकाच पाण्यातून आलेत."

मेट्रनने गाठोडं खिडकीतून परत ढकललं. पुढचा निरोप येईपर्यंत दवाखान्याचे कपडे नेऊ नयेत असं सांगितलं, आणि खिडकी लावून घेतली. गाठोडं डोक्यावर घेऊन धोबीण तशीच परत निघाली. धुतलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन भर दुपारी परतणारी धोबीण रस्त्याने सगळ्यांनाच दिसत होती. तिने मान ताठ ठेवली होती. डोक्यावर ओझं असताना ती तशी ठेवावीच लागते.

घरी धोबी स्टुलावर बसून इस्त्री करत होता. कमरेचं दुखणं झाल्यापासून त्याला उभ्याने इस्त्री जमत नव्हती, म्हणून त्याने टेबलाचे पाय कापून घेतले होते. बायकोच्या डोक्यावरचं गाठोडं त्याने पाहिलं.

"चादरींना माहेरची ओढ लागली वाटतं," तो म्हणाला.

"गप्प बसा."

इस्त्रीतले निखारे त्याने हलवले, उठायला वेळ लागतो तेवढा घेऊन उठला, आणि तिच्या हातांना लावायला तेलाची वाटी घेऊन आला.

ओढ्याच्या वरच्या अंगाला नळांना आणि दारांच्या कड्यांना मुलामा देण्याचा कारखाना होता. तिथून निघालेली तोटी आरशासारखी चमकायची. गावातली निम्मी घरं त्याच्यावर चालत होती. धोब्याचा धाकटा भाऊही तिथेच, मुलाम्याच्या टाक्यांवर कामाला होता. कारखान्याचं वापरलेलं पाणी कुंपणाखालच्या नळीतून ओढ्यात यायचं. ओढ्याला पाणी भरपूर असलं की कुणाच्या लक्षात यायचं नाही.

सुट्टीला लेक आली. ती शहरातल्या सरकारी तपासणी प्रयोगशाळेत कामाला होती. शिकून, परीक्षा देऊन लागलेली. लहानपणापासून ती बोलायला इतकी कमी की घरात तिला सगळे मोजकी म्हणायचे, आणि मोठी होऊन ती मोजण्याच्याच धंद्यात गेली, यावर धोबी दर भेटीला एकदा तरी हसायचा.

मोजकीने आईचे हात पाहिले. कोपरापासून बोटांपर्यंत पालथे-उलथे करून पाहिले.

"कधीपासून?"

"पाणी उतरलं तेव्हापासून."

"ओढ्याचं पाणी आमच्याकडेच तपासायला येतं," मोजकी म्हणाली. "मागच्या महिन्यातही आलं होतं. क्रोमियम मर्यादेच्या आत. थोडंसंच आत, पण आत."

"क्रोमियम म्हणजे?"

"ज्याने नळ चमकतात ते."

"मग तुझ्या मशीनला विचार, माझे हात का असे झाले."

पहाटे मोजकी आईबरोबर ओढ्यावर गेली आणि दगडांपासच्या पाण्याच्या बाटल्या भरून घेऊन गेली.

प्रयोगशाळेतलं मशीन पाणी एका ज्योतीत ओढून घ्यायचं आणि ज्योतीतून जाणारा उजेड किती अडला त्यावरून क्रोमियमचा आकडा द्यायचं. आकड्याला अर्थ यावा म्हणून आधी शुद्ध पाण्यात मोजून मापून क्रोमियम घालायचं आणि ते मशीनला दाखवायचं, की इतक्याला इतका आकडा. मग नमुना त्याच्याशी ताडायचा. मोजकीने तसं केलं. आकडा आला तो पूर्वीसारखाच, मर्यादेच्या जरा आत.

तिने कारखान्याला प्रयोगशाळेतर्फे विचारलं होतं की तुमच्या टाक्यांत आणखी काय काय असतं. उत्तर आलं होतं की ते आमचं धंद्याचं गुपित आहे. म्हणजे त्या पाण्यात क्रोमियमच्या सोबतीला कोण कोण आहे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्योतीत गेल्यावर ही सोबत काय करते तेही नाही.

तिने ओढ्याचं पाणी सारखं वाटून चार बाटल्यांत घेतलं. पहिलीत काहीच घातलं नाही. बाकीच्यांत क्रोमियमचं ठरलेलं माप घातलं, दुसरीत एक, तिसरीत दोन, चौथीत तीन. मशीनवर लावलं. आकडा चढत गेला, पण शुद्ध पाण्यात जितका चढायला हवा त्याच्या जेमतेम निम्माच. त्या पाण्यातलं काहीतरी क्रोमियमला दाबून धरत होतं. तिने घातलेलं निम्मं दिसत होतं, याचा अर्थ आधीपासून होतं तेही निम्मंच दिसत होतं.

ती कागद घेऊन प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेली. साहेब चष्मा कपाळावर चढवून वाचायचे.

"नियमात कुठली पद्धत लिहिली आहे?"

"शुद्ध पाण्यातल्या मापाशी ताडायची."

"मग?"

"हे पाणी शुद्ध नाही, साहेब. म्हणून तर ते आपल्याकडे आलंय."

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. ते वाईट माणूस नव्हते. तिने काय केलं होतं आणि का, ते त्यांना पहिल्या ओळीतच समजलं होतं. त्यांना वेळ लागत होता तो पुढचं समजायला. "माझ्यासमोर परत कर," ते म्हणाले. तिने केलं. तेच आलं. त्यांनी एक टिपण लिहून सही केली आणि प्रदूषण खात्याच्या अधिकारीणबाईंकडे पाठवून दिलं. त्यांनी कारखान्याकडे खुलासा मागितला.

कारखान्याचं उत्तर यायला वेळ लागला नाही. तक्रार होती की नमुन्यात कर्मचाऱ्यानेच क्रोमियम मिसळलं, तसं टिपणात लिहूनच दिलं आहे. आणि ही कर्मचारी ओढ्यावर कपडे धुणाऱ्या बाईची मुलगी आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मोजकीला मशीनवरून उठवून मागच्या खोलीत बाटल्या धुवायला बसवलं. स्टोअरकीपर जाता जाता म्हणाला, "बरं झालं, घरचंच काम मिळालं." साहेब त्या बाजूला आले नाहीत.

बातमी गावात तिच्या आधी पोचली. किराणावाल्याच्या दुकानात धोबीण साबणाच्या वड्या घ्यायला गेली तर बायका बोलायच्या थांबल्या. किराणावाल्याने वड्या बांधून दिल्या आणि म्हणाला, "साबणच आहे बरं का. तुम्ही घरी जाऊन त्यात काही टाकलंत तर माझ्या नावावर नको." सगळ्या हसल्या. धोबिणीने पुडी सोडली, एक वडी नाकाशी धरून वास घेतला, परत ठेवली आणि म्हणाली, "खडू मिसळलाय. तो तुमच्या नावावर."

दुसऱ्या सकाळी ओढ्यावर वाळवणाची दोरी तुटलेली होती. तुटलेली नव्हे, कापलेली. धर्मशाळेचे पडदे आणि शाळेच्या खानावळीचे टेबलक्लॉथ चिखलात पडले होते आणि त्यांच्यावरून कुणीतरी सायकल नेली होती. धोबिणीने कुणाला हाक मारली नाही. दोरीची टोकं गाठ मारून जोडली, पडदे उचलले आणि पहिल्यापासून धुवायला घेतले. गुडघ्यात कळ यायची तेव्हा ती दगडावर बसून घ्यायची, आणि बसल्या बसल्या धोपटायची. चिखल निघाला. पिवळं राहिलं.

दुपारी धाकटा दीर आला. कामावरून थेट आला होता, तोंडाला अजून रुमाल बांधलेला. धोब्याच्या समोर जमिनीवर बसला. वहिनीने पाणी दिलं, ते त्याने बाजूला ठेवलं.

"दादा, पोरीला म्हणावं, चूक झाली असं लिहून दे. मॅनेजर म्हणतो, मिटवून टाकू. तिची नोकरीही वाचेल."

"कसली चूक?" धोब्याने विचारलं.

"पाण्यात विष टाकलं तिने आणि विष सापडलं म्हणाली. स्वतः लिहून दिलंय. वहिनी, उद्या नळी बंद केली तर टाक्या बंद. टाक्या बंद म्हणजे मी घरी. माझी पोरं काय खातील?"

"माझे हात बघितलेत, भाऊजी?"

"हात सगळ्यांचेच खराब होतात. माझे बघा."

त्याने हात पुढे केले. तसेच होते, जरा जास्तच. ते दाखवताना रुमाल खाली आला आणि नाकातून रक्ताची बारीक धार आली. त्याला ती कळलीसुद्धा नाही. थेंब घडी घातलेल्या चादरीवर पडला तेव्हा कळलं. तो रुमाल नाकाशी दाबून उठला.

"उन्हाने होतं," तो म्हणाला.

"टाकीवरच्या सगळ्यांनाच होतं का उन्हाने?" धोबिणीने विचारलं. "टाक्या तर छपराखाली आहेत."

तो दारातच थांबला. "तुम्हाला भांडायचंय, वहिनी. तुम्हाला मिटवायचं नाहीच."

"नाही," ती म्हणाली. "नाहीच मिटवायचं."

तो गेल्यावर धोब्याने इस्त्री उभी करून ठेवली. "बोललीस ते बरोबर बोललीस," तो म्हणाला. "पण पोरीने टाकलं की नाही, ते आपल्याला तरी ठाऊक आहे का?"

हाच प्रश्न धोबिणीच्या पोटात दुकानापासून होता. संध्याकाळी मोजकी आली. चप्पल काढते न काढते तोच आईने विचारलं.

"पाण्यात टाकलंस तू?"

"हो."

"तेच? जे शोधत होतीस तेच?"

"हो, आई. तेच."

धोबीण भिंतीला टेकली. धोब्याने हातातला शर्ट खाली ठेवला. मोजकीने दोघांकडे पाहिलं, मग उठून निळीची बाटली आणली आणि काचेचे दोन पेले आणले. एकात माठातलं पाणी ओतलं, दुसऱ्यात ओढ्यावरून आणलेलं, साबणाचं, गढूळ. दोन्हीत निळीचा एकेक थेंब टाकला.

"कुठलं जास्त निळं?"

"माठातलं," धोबीण म्हणाली. "हे काय विचारणं आहे? घाण पाण्याला नीळ जास्त लागते. पोरासोरांनाही ठाऊक असतं."

"पण टाकली किती?"

"सारखीच."

"आता समज, मी टाकली नाही. दुसऱ्याच कुणी टाकली, तुझ्या माघारी. आणि तू गढूळ पेल्याकडे बघून माठातल्या पाण्याच्या हिशोबाने म्हणालीस, की अर्धाच थेंब टाकलाय. तर?"

धोबीण पेल्याकडे बघत राहिली. "तर टाकणारा सुटला."

"मग तू खरं कसं काढशील?"

मोजकीने घाई केली नाही. तिने निळीचा आणखी एक थेंब गढूळ पेल्यात टाकला, मग आणखी एक, आणि दर वेळी पेला उजेडाकडे धरला.

"हा थेंब मी टाकला, त्यामुळे तो एक आहे हे मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "या पाण्यात एक थेंब केवढा दिसतो ते कळलं. आता त्याच मापाने आधीचं मोजायचं. मी टाकलेलं मी वजा करते, आई. ते मी कारखान्याच्या नावावर लावत नाही. त्यांचं जेवढं आहे तेवढंच त्यांच्या नावावर."

धोबी हळूच म्हणाला, "म्हणजे घाण पाण्याला घाण पाण्यातच मोजायचं."

"हो, बाबा. एवढंच."

धोबिणीने पेला हातात घेतला आणि मोरीत ओतून दिला. "मग हे इथे बसून मला कशाला सांगतेस? त्यांना सांग. बाटल्या काय धूत बसलीस?"

"त्यांनी सुनावणी ठेवली आहे. पण मला तिथे बोलायची परवानगी नाही."

"परवानगी," धोबीण म्हणाली, जणू शब्दाची चव बघत होती.

सुनावणी प्रयोगशाळेच्या मोठ्या खोलीत होती. अधिकारीणबाई टेबलामागे, एका बाजूला कारखान्याचा मॅनेजर आणि त्यांचा केमिस्ट, दुसऱ्या बाजूला साहेब. केमिस्ट तरुण होता, हुशार होता, आणि स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मोजकी भिंतीपाशी उभी होती. शिपायाने धोबिणीला दारात अडवलं तर ती त्याच्या हाताखालून आत आली.

"तुम्ही कोण?" अधिकारीणबाईंनी विचारलं.

"मी ओढ्याची."

"म्हणजे?"

"यांनी टाकलेलं पाणी आधी माझ्या हातांवरून जातं, मग पुढे जातं. तेव्हा मी इथे बसणार."

ती बाकावर बसली. मॅनेजर काहीतरी पुटपुटला. अधिकारीणबाईंनी चष्म्यातून एकदा तिच्या हातांकडे पाहिलं आणि "चालू द्या" म्हणाल्या.

केमिस्ट बोलला ते चांगलं बोलला. नमुन्यात बाहेरून कुणी काही घातलं की तो नमुना राहत नाही. आणि घालणारी व्यक्ती ज्यांचा फायदा आहे त्यांच्यातलीच असली, तर काय म्हणायचं? साहेब आपल्या कागदाकडे बघत होते.

धोबीण उठली. "माझ्या पोरीच्या हाताचा भरवसा नाही ना? मग तिला हात लावू देऊ नका. यांनाच टाकू दे."

"काय टाकू दे?" मॅनेजर म्हणाला.

धोबिणीने लेकीकडे पाहिलं. "सांग की. आता काय मुहूर्त बघतेस?"

मोजकी बोलायला लागली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती मोजकी राहिली नाही. ती म्हणाली, ओढ्यावर कारखान्याच्याच माणसांनी जाऊन पाणी भरावं. ते दोन बाटल्यांत वाटावं. एका बाटलीत त्यांच्या केमिस्टने स्वतःच्या हाताने क्रोमियम घालावं, दार लावून, हवं तेवढं. किती घातलं ते कागदावर लिहून अधिकारीणबाईंच्या हातात द्यावं. मी त्या खोलीत नसेन. मशीनही मी चालवणार नाही, साहेब चालवतील. आधी नियमातल्या पद्धतीने मोजा, मग माझ्या.

"याने काय सिद्ध होणार?" केमिस्टने विचारलं. पण त्याचा आवाज उतरला होता. त्याला कळलं होतं. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नव्हतं, आणि खोटं बोलायची त्याला अजून सवय नव्हती.

जीप पाठवून पाणी आणलं. केमिस्ट बाटली घेऊन आत गेला, दार लागलं, उघडलं. कागदाची घडी अधिकारीणबाईंच्या मुठीत गेली. साहेबांनी बाह्या दुमडल्या. किती वर्षांत त्यांनी स्वतः मशीन चालवलं नव्हतं, तरी ज्योत पहिल्या झटक्यात लागली, निळी आणि सरळ. त्यांनी आधी शुद्ध पाण्यातली मापं दाखवली, मग दोन्ही बाटल्या, आणि दोहोंतला फरक फळ्यावर लिहिला.

अधिकारीणबाईंनी मूठ उघडून कागद वाचला. मग फळ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे.

"तुम्ही इथे लिहिलंय त्याच्या निम्मंच सापडलंय," त्या केमिस्टला म्हणाल्या.

केमिस्ट फळ्याजवळ जाऊन आकडा वाचू लागला.

"तुम्हीच घातलंत ना?"

"हो."

"मोजूनच?"

"मोजूनच."

"मग उरलेलं कुठे गेलं?"

मॅनेजर म्हणाला, "मशीन जुनं आहे." साहेबांनी मान वर न करता म्हटलं, "शुद्ध पाण्यात हेच मशीन बरोबर दाखवतंय. फळ्यावर लिहिलंय मी." मग त्यांनी दोन्ही बाटल्यांतलं पाणी पुन्हा वाटलं, त्यात ठरलेली मापं घातली, मोजकीच्या पद्धतीने एकेक करून सगळ्यांचे आकडे घेतले. हिशोब करून फळ्यावर दुसरा फरक लिहिला. तो कागदावरच्या आकड्याला जवळजवळ चिकटून होता. आणि त्याच्यावर, ज्या बाटलीत कुणीच काही टाकलं नव्हतं तिचा आकडा होता. मर्यादेच्या पुढे, चांगलाच पुढे.

"हे कुणी टाकलं?" धोबिणीने बाकावरून विचारलं.

पाणी शुद्ध करायची सोय होईपर्यंत नळी बंद करण्याचा हुकूम निघाला. कारखान्याने वरच्या प्रयोगशाळेत दाद मागितली. तिथेही तेच आलं. मोजकीला पुन्हा मशीनवर बसवलं, पण बाटल्या धुवायला दुसरं कुणी नेमलं नाही, म्हणून त्याही तीच धुवायची. तिने तक्रार केली नाही. बाटली कशी धुतली जाते यावर आकडा अवलंबून असतो, आणि ते ती दुसऱ्यावर सोडायला तयार नव्हती.

गावात मात्र कुणी पेढे वाटले नाहीत. टाक्या थांबल्या, माणसं पारावर बसून राहिली. किराणावाला धोबिणीला शेवटी माल द्यायचा, सगळी गिऱ्हाइकं गेल्यावर. ती उभी राहायची. मेट्रनचा निरोप आला की चादरी पाठवू का. धोबिणीने उलट निरोप दिला: ओढा अजून पिवळा आहे, माझ्यासाठी चादरी खराब करू नका, पाणी निवळलं की मीच येईन. धोबी म्हणाला, "आलेलं काम परत पाठवणारी बायको मला मिळाली." पण तो हे इस्त्री फिरवत, खुशीत म्हणाला. लांबच्या विहिरीवरून ती हंड्यांनी पाणी आणायची आणि जेवढ्या हंड्यांत होतील तेवढेच कपडे घ्यायची. हातांवर नवी कातडी धरायला लागली होती, गुलाबी आणि पातळ.

एका सकाळी दीर आला. बरेच दिवस त्याने या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. हातात एक बाटली होती, सरबताची, लेबल अर्धवट निघालेलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"दादा आहे?"

"कपडे पोचवायला गेलेत. बोला."

त्याने बाटली पुढे केली. "आमच्या हातपंपाचं पाणी आहे. धाकटीच्या अंगावर चट्टे उठलेत. हातपंप कारखान्याच्या कुंपणाला लागूनच आहे ना." तो थांबला. "मोजकीला म्हणावं, बघ जमलं तर."

धोबिणीने बाटली घेतली, बूच काढून वास घेतला. सरबताचा वास येत होता.

"धुतली होती का आधी?"

"कुठे धुतली. रिकामी होती, भरली."

"मग हे आधी सरबत मोजायला लागेल." तिने बाटली जास्वंदीच्या बुंध्याशी ओतली. दिराचा चेहरा पडला. त्याला वाटलं, हिने हिशोब चुकता केला. तो वळला.

"थांबा," ती म्हणाली. आत जाऊन तिने मोजकीने ठेवलेल्या रिकाम्या बाटल्यांतली एक आणली, आणि पायात चपला घातल्या. "चला. भरून आणू."

हातपंपाकडे जायचा सरळ रस्ता कारखान्याच्या फाटकावरून होता. दुसरा मागून होता, शेतातून, लांबचा. दिराची पावलं आपसूक तिकडे वळली. धोबीण सरळ चालत राहिली. थोडं पुढे गेल्यावर तो तिच्या मागून आला.

फाटकाच्या सावलीत बसलेली माणसं त्यांच्याकडे बघत होती. काल-परवापर्यंत याच्याबरोबर टाकीवर उभी राहणारी. राखणदार उठून पुढे आला.

"काय रे," तो दिराला म्हणाला, "वहिनीबरोबर कुठे? बाटलीत काय नेतोस आता?"

धोबीण उत्तर द्यायला थांबली, पण दिराने तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"रिकामी आहे," तो म्हणाला. "माझ्या घरचं पाणी भरणार आहे. त्यात काय आहे ते मला ठाऊक नाही. तुला आहे?"

राखणदार बाजूला झाला. सावलीतून कुणीतरी उठलं, चपला पायात सरकवल्या आणि विचारलं, "असल्या बाटल्या अजून आहेत का, वहिनी?"